मागावर उतरलेला चेहरा

विणलेल्या व्यक्तिचित्रात रंग कापडावर चढवलेला नसतो. ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे जिथे एकमेकांना छेदतात, तिथेच नाक, डोळे आणि दाढी आकाराला येतात. चित्रकाराला फसलेल्या छटेवर पुन्हा हात फिरवता येतो. विणकराला मात्र वीण उसवत मागे जावे लागते. सोलापुरात अशी चित्रे ‘वॉल हँगिंग’ म्हणूनच ओळखली जातात. शिवाजी महाराज, डॉ. आंबेडकर, स्वामी समर्थ यांच्याबरोबर चालू काळातल्या राजकीय पुढाऱ्यांचे चेहरेही येथील हातमागांवर उतरले आहेत.

पुढाऱ्याचे रंगवलेले चित्र धाग्यात आणण्याची चाल एकोणिसाव्या शतकात युरोपात फोफावली. फ्रान्समधील लियाँ हे रेशमाचे शहर. तेथील जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास मागावर बसवायचे एक यंत्र तयार केले. त्याआधी नक्षीच्या कापडासाठी विणकराशेजारी एक मदतनीस लागे आणि तो हव्या त्या दोऱ्या ओढून ताणा उचलून देई. जकार्डच्या यंत्रात हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांकडे आले. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला धागा उठतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. बाण्याच्या एका फेरीला एक कार्ड, आणि सारी कार्डे दोरीने माळून केलेली लांब साखळी.

जकार्ड 1834 मध्ये वारला. क्लोद बोनफोंने रंगवलेल्या त्याच्या चित्रावरून 1839 मध्ये लियाँतच मिशेल मारी कार्किया याने काळ्यापांढऱ्या रेशमात त्याचे व्यक्तिचित्र विणले. त्याला सुमारे 24,000 कार्डे लागली. छटा साधण्याची युक्ती सगळी विणीत होती: काळा धागा जितका पृष्ठभागावर मोकळा राहील तितकी सावली गडद, आणि पांढरा वर आला की कपाळावरचा उजेड. हे चित्र कोरीव ठशावरून छापलेले आहे असेच पाहणाऱ्यांना वाटे. गणनयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून घरात लावली होती. कार्डांवर हुकूम लिहून यंत्राकडून काम करून घेता येते, याचा इतका देखणा पुरावा त्या काळात दुसरा नव्हता.

इंग्लंडमध्ये ही कला गरजेतून वाढली. 1860 च्या ब्रिटन-फ्रान्स व्यापार करारानंतर फ्रेंच रेशमावरील जकात उठली आणि कॉव्हेंट्रीतील रिबिनींचा धंदा बसला. टॉमस स्टीव्हन्स या कारखानदाराने त्याच अरुंद मागांवर पुस्तकात ठेवायच्या रेशमी पट्ट्या विणायला घेतल्या. लिंकनच्या हत्येनंतर त्याच्या स्मरणार्थ निघालेली पट्टी त्यांपैकीच. पुढे चौकटीत बसवलेली छोटी रेशमी चित्रे आली आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड व बेंजामिन हॅरिसन या अमेरिकी अध्यक्षांचे चेहरेही त्यांत होते. तैलचित्र एखाद्या सरकारी दालनात लागे. ही रेशमी प्रत मात्र साध्या घरातही परवडे. पुढाऱ्याचा चेहरा मतदाराच्या घरी नेण्यात मागाचा हा वाटा मोठा आहे, आणि कलेच्या इतिहासांत त्याची नोंद फार थोडी होते.

सोलापुरात विणकामाची परंपरा तेलुगू भाषक पद्मशाली समाजाने जोपासली. कुळाचा मूळपुरुष म्हणून हा समाज मार्कंडेयाला मानतो. 1870 च्या दशकात कापड गिरणी उभी राहिली, पण हातमाग संपले नाहीत. पुढे बऱ्याच घरांत यंत्रमाग आले. जकार्डवर विणलेली सोलापुरी चादर नावारूपाला आली आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

वॉल हँगिंगची रीत मात्र कार्डांच्या साखळीपेक्षा जुन्या घराण्यातली आहे. चेहऱ्याचे रेखाटन समोर ठेवून विणकर प्रत्येक रंगाचा बाणा त्याच्या हद्दीपुरताच हाताने फिरवतो आणि तिथून परत वळवतो. गालाचा उजळ भाग संपून सावली सुरू होते तिथे दोन रंग एकमेकांत किती अडकवायचे, हे बोटेच ठरवतात. काम संथ आहे, आणि पुढाऱ्याची ओळख पटते ती याच संथपणामुळे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टेरी टॉवेलच्या कारखान्यांत जकार्डच्या कुळाची दुसरी शाखा दिसते. टेरीला दोन ताणे लागतात: एक घट्ट, पायाचा, दुसरा सैल, ज्याचे फासे कापडावर उभे राहतात. सैल ताण्यात गडद आणि फिकट असे दोन रंग घेतले, तर जकार्ड त्यांची अदलाबदल करते. दर्शनी बाजूला गडद अक्षर उमटले की मागे तेच अक्षर फिकट आणि उलटे दिसते. हॉटेलचे नाव किंवा संस्थेचे बोधचिन्ह यात छान बसते. चेहरा तितका नीट बसत नाही, कारण फासा जाड असतो आणि पापणीइतकी बारीक रेघ त्यात मावत नाही. 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यावर पुठ्ठ्याची कार्डे मागे पडू लागली. चित्र आता संगणकावर चौकटी-चौकटींत मांडतात आणि तिथूनच हुकांना हुकूम जातो. धागा उचलायचा की खाली ठेवायचा, हा प्रश्न 1804 मधलाच आहे.