पत्ता वहीत, पेपरात नाही

कोर्ट वार्ताहराचं काम मुख्यतः वाट पाहण्याचं. बोर्ड वाचायचा, पुकाऱ्याकडे कान ठेवायचा, पुढची तारीख टिपून घ्यायची. दंगलीच्या खटल्यांनी मुंबईत या कामाला आणखी एक शिस्त लावली. आम्हाला ती कुणी वर्गात शिकवली नाही.

मी पेशात आले तेव्हा न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग बसला होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरात झालेल्या ज्या दंगलींची तो चौकशी करत होता, त्यांत ९०० माणसं मेली; आयोगाच्याच नोंदीप्रमाणे त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. त्या दिवसांतल्या काही वर्तमानपत्रांच्या चिथावणीखोर मजकुराचीही आयोगाने दखल घेतली, त्यामुळे साक्षी टिपताना आपला पेशाही तपासला जातोय याची जाणीव आम्हाला होती. आमचे ज्येष्ठ वार्ताहर सांगत, साक्षीदाराचा पत्ता वहीत लिही, बातमीत नको. चाळीचं नाव नको, गल्ली नको, दुकान कशाचं तेही नको. साक्ष देऊन ती बाई त्याच नळावर पाणी भरायला जाणार असते. ज्यांच्याविरुद्ध बोलली, त्यांच्याही हंड्यांची रांग तिथेच असते.

जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने आयोगच गुंडाळला आणि मे महिन्यात तो पुन्हा सुरू करावा लागला. मधल्या काळात बातम्या आटल्या. पण वहीतले पत्ते होते, म्हणून माणसांकडे जाता आलं. सुनावणी नसताना कोर्ट वार्ताहराने फिरायचं कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. मला वाटतं, खरं काम तेव्हाच असतं.

मग गुजरात दंगलीतला बेस्ट बेकरी खटला. बडोद्याच्या हनुमान टेकडीवरच्या या बेकरीत १ मार्च २००२ रोजी १४ माणसं मारली गेली. २७ जून २००३ रोजी तिथल्या जलदगती न्यायालयाने सगळ्या २१ आरोपींना सोडलं. साक्षीदार फुटले होते. मुख्य साक्षीदार झाहिरा शेख हिने मुंबईत येऊन सांगितलं, की भीतीपोटी साक्ष फिरवली. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला आणि तो माझगावच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश अभय ठिपसे यांच्यापुढे उभा राहिला. नोव्हेंबरात झाहिरा पुन्हा उलटली.

कॅमेरे सगळे तिच्यामागे. तिने काय घातलं होतं, कुठे उतरली, कोणाबरोबर आली, याचे रकाने भरले. खोटी साक्ष ही बातमी होतीच, आणि पुढे न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला एक वर्षाची शिक्षाही झाली. पण त्याच कोर्टात बेकरीतले जखमी कामगार उभे राहिले, उलटतपासणीला टिकले आणि समोरच्या आरोपींना ओळखलं. त्यांच्या वाट्याला आतल्या पानावरची चार ओळींची बातमी आली. फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. जुलै २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडलं आणि चौघांची शिक्षा कायम केली, ती याच कामगारांच्या साक्षींवर. रोज बसून साक्षी ऐकणाऱ्या वार्ताहराला खटला कोणाच्या खांद्यावर आहे हे दिसत होतं. पहिल्या पानावर मात्र ते क्वचितच उमटलं, आणि याचा राग मला आजही येतो.

गुजरात दंगलीतलाच बिल्किस बानो खटलाही २००४ मध्ये मुंबईत आला. जानेवारी २००८ मध्ये सामूहिक बलात्कार आणि खून यांबद्दल ११ जणांना जन्मठेप झाली. अत्याचार सोसलेल्या बाईचं नाव छापणं हा १९८३ पासून गुन्हा आहे. त्या कायदेबदलामागे महाराष्ट्रातलंच, देसाईगंज पोलीस ठाण्यातलं १९७२ चं मथुरा बलात्कार प्रकरण होतं. नाव सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. बिल्किस स्वतः पत्रकारांसमोर आल्या आणि बोलल्या. तो त्यांचा निर्णय. त्या कुठे राहतात हे विचारण्याचा हक्क त्यातून आम्हाला मिळाला नाही. सतत घरं बदलत राहावं लागलेल्या कुटुंबाच्या दाराशी कॅमेरा नेणं म्हणजे माग काढणाऱ्याला वाट दाखवणं. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ते ११ जण शिक्षामाफीवर सुटले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. जन्मठेपेचा निकाल ही शेवटची बातमी समजून फाईल बंद करणाऱ्यांना १६ वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

साक्षीदार संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केली ती डिसेंबर २०१८ मध्ये. तोवर बऱ्याच ठिकाणी बातमीदाराची पेन्सिल हेच काय ते संरक्षण होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दंगलीवर निकाल दिला. बेपत्ता १६८. त्यांपैकी ६० जणांच्या कुटुंबांना दोन लाखांची भरपाई मिळाली होती, उरलेल्या १०८ जणांच्या कुटुंबांचा सरकारला थांग लागला नव्हता. ९७ फौजदारी प्रकरणं डॉर्मंट, म्हणजे निष्क्रिय, फाईलवर पडून होती. कुटुंबं शोधण्यावर देखरेख ठेवायला न्यायालयाने राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीस वर्षांत झोपड्या हलल्या, चाळींचे टॉवर झाले. सरकारी कागदावरच्या खोली नंबरला आता दारच नाही. मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. त्यांतले पत्ते घेऊन मी आता पुन्हा फिरते आहे, कुटुंब सापडलं की त्यांची परवानगी विचारते, आणि हो म्हणाले तरच नाव समितीकडे पोचवते. बातमी त्यानंतर.