नाळेतील रक्त

मूल जन्मले की नाळ कापावी आणि वार अंगणात पुरावी, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जन्मगावाची ओढ सांगताना ‘तिथे नाळ पुरली आहे’ असे म्हणतात, ते यावरूनच. पुढे प्रसूतिगृहे आली आणि वार टाकून देण्याची वस्तू ठरली. तिच्यात उरणाऱ्या ओंजळभर रक्ताला औषधाचे मोल आले ते १९८८ साली.

रक्त घडविणाऱ्या मूळ पेशी हाडांतील मज्जेत असतात. टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्यांचा पुरावा दिला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये भारतातील पहिले मज्जारोपण केले. परंतु जुळणारा दाता न मिळाल्यास वैद्यांचा हात तिथेच थांबे. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी निराळा मार्ग धरला. फॅन्कोनी पांडुरोगाने पीडित अशा पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्यांनी त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. अमेरिकेत हॅल ब्रॉक्समायर यांच्या देखरेखीखाली ते गोठवून ठेवलेले होते. मुलगा बरा झाला.

मूल लहान होते, म्हणून ते रक्त पुरले. रुग्णाच्या दर किलो वजनामागे सुमारे अडीच कोटी पेशी लागतात. साठ किलोच्या माणसाला दीडशे कोटी. एका नाळेतून इतक्या क्वचितच मिळतात. मग त्या प्रयोगशाळेत वाढवाव्यात, हे ओघानेच आले. पण येथेच खरी अडचण उभी राहिली. पोषक द्रव्ये दिली की पेशी झपाट्याने वाढतात, परंतु वाढता वाढता प्रौढही होतात. मोड आलेला दाणा बियाणे म्हणून राखता येत नाही, तशीच ही गत.

पुण्यात गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी या प्रश्नाच्या दोन बाजूंवर वर्षानुवर्षे काम केले. गोठवताना पेशी मरू नयेत म्हणून त्यांनी कॅटालेज व ट्रेहॅलोज यांची जोड देऊन पाहिली. ते निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे माशांच्या तेलात असणारे एक मेदाम्ल आणि ॲराकिडोनिक आम्ल यांच्या साहाय्याने नाळेच्या रक्तापासून बिंबाणू निर्माण करणाऱ्या पेशी अधिक संख्येने मिळतात, असे त्यांना २०११ च्या सुमारास आढळले. हे किरकोळ नव्हे. नाळरक्ताच्या रोपणानंतर बिंबाणू भरून यायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस रक्तस्रावाची टांगती तलवार असते.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने ओमिडुबिसेल या वाढविलेल्या नाळरक्ताला मान्यता दिली. त्यात निकोटिनामाइड हे ब जीवनसत्त्वाचे रूप पेशींचे प्रौढपण लांबवते. चाचणीत पांढऱ्या पेशी बाविसाऐवजी बारा दिवसांत परतल्या.

भारतात मात्र नाळरक्ताचा साठा मुख्यतः खासगी पेढ्यांत, स्वतःच्याच बाळासाठी, पैसे मोजून होत आला. आनुवंशिक रोगात बाळाच्या स्वतःच्या रक्तातही तोच दोष असतो, हे जाहिरातींत ठळकपणे कोण सांगणार? अशा साठ्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद करीत नाही. घरात आधीचे मूल अशा रोगाने आजारी असेल, तर धाकट्या भावंडाचे रक्त राखण्यास तिची संमती आहे. पॅरिसला घडले ते नेमके हेच.