बातमीदार: एका शब्दाची कुळकथा

वर्तमानपत्राचा वार्ताहरच हेर होऊन खुनाचा उलगडा करतो, त्या कादंबरीचे कूळ धुंडाळू लागले म्हणजे बहुधा १९०७ साली गास्तों लरू या फ्रेंच लेखकाने, स्वतः कोर्टकचेऱ्यांची वार्तापत्रे लिहून झाल्यावर, 'पिवळ्या खोलीचे रहस्य' या कथेत उभ्या केलेल्या रूलताबीय या तरुण पत्रकाराचे नाव पुढे येते. आपल्याकडे मात्र हेर आणि वार्ताहर यांची गाठ भाषेनेच कितीतरी आधी बांधून ठेवली होती, असे माझे ठाम मत आहे.

'बात' हे संस्कृत 'वार्ता'चे लेकरू आणि 'दार' हा फारसीतून आलेला प्रत्यय. या सोयरिकीतून जन्मलेला बातमीदार मुळात मुलखाची खबर गुप्तपणे आणणारा, म्हणजे शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्या बिरादरीतला. पुढे छापखाने आले, आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांवर 'आमच्या बातमीदाराकडून' ही अक्षरे झळकू लागली. पोलिसांच्या दप्तरात मात्र तो जुन्या अर्थानेच नांदत राहिला.

परभणी जिल्ह्यात या शब्दाची खरी कसोटी लागली ती मानवत या कापसाच्या पेठेत. १९७२ ते १९७४ या काळात तेथे एकामागून एक खून पडले, कोवळ्या मुलीही त्यांतून सुटल्या नाहीत, आणि गुप्तधन व नरबळी यांच्या कुजबुजीने गाव असे भेदरले की साक्षीसाठी जीभ उचलणे दुर्घट झाले; अखेरीस मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. तेथे कादंबरीतल्यासारखा कोणी पत्रकार खुनी हुडकून देणारा निघाला नाही, आणि याने त्या व्यवसायाला यत्किंचितही कमीपणा येत नाही, कारण मानवतची ती वेदना जिल्ह्याच्या वेशीबाहेर पोहोचली ती वर्तमानपत्रांच्याच पायांनी.

आजही ठाण्याच्या बाकावर बसून तालुक्याचा वार्ताहर फिर्याद उतरून घेतो तेव्हा 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्यावरून' हे ठरीव वाक्य त्याच्यासमोर येते. मग 'आम्ही खाली सह्या करणारे पंच' असा आरंभ करणारा पंचनामा, घटनास्थळाची चतुःसीमा, आणि तळाशी शाईने माखलेला अंगठा. हे सारे टिपून तो बातमी धाडतो, आणि दुसऱ्या दिवशी ती छापून येते तेव्हा तिच्या माथ्यावर 'आमच्या बातमीदाराकडून' असते, पोटात 'गुप्त बातमीदारामार्फत'.