मेंदूतला ग्रामोफोन

माँट्रियलच्या एका ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर पडलेली एक बाई पूर्ण शुद्धीवर होती. तिची कवटी एका बाजूने उघडलेली होती आणि डॉक्टर तिच्या मेंदूच्या पृष्ठभागाला एका बारीक तारेने अगदी सौम्य विजेचा स्पर्श करीत होते. एका ठिकाणी स्पर्श होताच तिला वाद्यवृंदावर वाजणारे ओळखीचे गाणे ऐकू येऊ लागले. तार उचलली की गाणे बंद, पुन्हा त्याच जागी टेकवली की पुन्हा सुरू. ती त्याबरोबर गुणगुणूही लागली. खोलीत कोणीतरी ग्रामोफोन लावला आहे, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती.

हे डॉक्टर म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड. जन्म १८९१ चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्याकडे मज्जासंस्थेचे धडे घेतले, जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ गावी फर्स्टर यांच्याकडे रोग्याला जागे ठेवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पाहिली आणि १९२८ मध्ये माँट्रियल गाठले. त्याच वर्षी त्यांना सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ स्वतःच्या हाताने काढावी लागली. गाठ पूर्ण निघाली नाही. १९३१ मध्ये ती गेली. मेंदूच्या विकारांसाठी सर्व शाखांचे तज्ज्ञ एका छपराखाली हवेत, हा ध्यास त्यांनी त्यानंतर अधिकच जोरात घेतला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि त्याच वर्षी पेनफिल्ड यांनी नव्या देशाचे नागरिकत्वही घेतले.

विजेची तार लावण्यामागे स्मृतीचा शोध हा हेतू मुळीच नव्हता. रोगी अपस्माराचे असत. फीट जिथून सुरू होते तो भाग कापायचा, पण वाचेचा भाग चुकूनही कापायचा नाही, यासाठी ही तपासणी होती. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, त्यामुळे कवटीच्या कातडीपुरती भूल पुरते आणि रोगी डॉक्टरांशी बोलू शकतो. उत्तर मिळालेल्या प्रत्येक जागेवर ते आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवीत. रोगी नुसत्या कल्पनेने तर बोलत नाही ना, हे पाहण्यासाठी कधी कधी तार न लावताच ‘आता लावली’ असेही सांगत!

कानशिलामागच्या भागाला, म्हणजे टेंपोरल लोबला, स्पर्श झाला की काही रोग्यांना गाणी, ओळखीच्या माणसांचे आवाज, जुने प्रसंग अनुभवास येत. पेनफिल्ड यांनी निष्कर्ष काढला, की माणूस ज्याकडे लक्ष देतो ते सारे मेंदूत कायमचे मुद्रित होते. टेपरेकॉर्डर नुकताच घरोघरी येऊ लागला होता, तेव्हा ही उपमा लोकांनी डोक्यावर घेतली यात नवल नाही. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांना तर ती फारच भावते. आजीची हाक, वाड्यातल्या नळाचा आवाज, पहाटेची भूपाळी, सगळे आत कुठेतरी जसेच्या तसे जपलेले आहे, असे मानायला कोणाला आवडणार नाही?

पण आकडे पाहा. १९६३ मध्ये पेनफिल्ड आणि फॅनर पेरो यांनी सगळा हिशोब छापला. टेंपोरल लोबला तार लावलेले रोगी ५२०, आणि असा अनुभव आलेले केवळ ४०, म्हणजे शंभरात आठसुद्धा नाहीत. ते सगळे अपस्माराचे. शिवाय जिथे गाणे ‘वाजले’ तो तुकडा कापून टाकला तरी रोग्याची ती आठवण जात नसे. म्हणजे ती त्या तुकड्यात नव्हतीच! हे पेनफिल्ड यांनी प्रामाणिकपणे नोंदवले, पण कायमच्या मुद्रणाची कल्पना मात्र सोडली नाही. या मोठ्या माणसाचा हा हट्ट मला समजू शकतो. इतका सुंदर पुरावा कानांनी ऐकल्यावर कोण सोडील?

या हट्टाचे परिणाम मात्र साधे नव्हते. १९८० मध्ये एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस यांनी मानसशास्त्रज्ञांना विचारले, तर ८४ टक्के म्हणाले की शिकलेले सर्व काही मनात कायम असते, फक्त सापडत नाही. पुढे अमेरिकेत संमोहनाने वा उपचारातून ‘परत मिळालेल्या’ आठवणींवर कोर्टात खटले उभे राहिले आणि आठवण ही पुन्हा रचली जाते, हे सांगायला एलिझाबेथबाई अनेकदा साक्षीला उभ्या राहिल्या.

खरी पायाभरणी पेनफिल्ड यांच्याच संस्थेत एका शांत बाईने केली. ब्रेंडा मिल्नर, जन्म १९१८, मँचेस्टरच्या. १९४४ मध्ये कॅनडात आल्या. त्यांनी तार लावली नाही, तर शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रोग्यांची चाचणी घेतली. दोन छोट्या सुरावटी ऐकवायच्या आणि विचारायचे, कोणता सूर बदलला? १९६२ मध्ये त्यांनी दाखवले, की उजवा टेंपोरल लोब काढलेल्यांना हे जड जाते, डावा काढलेल्यांना तितके नाही. उलट डावा गेलेल्यांना ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना अडखळायला होते. गाण्याची चाल आणि गाण्याचे शब्द, दोन्हींचा सांभाळ मेंदू बराचसा वेगवेगळ्या हातांनी करतो तो असा.

ब्वेनोस आयरिसमध्ये जन्मलेले रॉबर्ट झटोरे यांनी त्याच संस्थेत १९९४ मध्ये निरोगी माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. सूर नुसता ऐकताना उजव्या टेंपोरल भागात वाढ दिसली. पण पहिला सूर लक्षात ठेवून नंतरच्या सुराशी ताडायचा म्हटले, की कपाळामागचा उजवा भागही कामाला लागला. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गटाने एकच सूर सोळा सेकंद मनात धरायला सांगितले. त्या शांततेत श्रवणाचा भाग, कपाळामागचा भाग आणि हिप्पोकॅम्पस हे तिन्ही जागे राहिले.

यातला सर्वांत गमतीचा प्रयोग २००५ मधला, अमेरिकेतल्या डार्टमथचा. ओळखीच्या गाण्यांतले काही सेकंदांचे तुकडे पुसून तिथे शांतता ठेवली. ऐकणाऱ्यांच्या मनात गाणे चालूच राहिले आणि श्रवणाचा भागही. गाणे बिनशब्दांचे असेल तर कानांकडून संदेश सर्वांत आधी जिथे पोहोचतो त्या प्राथमिक भागापर्यंत ही हालचाल गेली. बाहेर आवाज नाही, तरी तीच यंत्रणा राबते आहे. फडताळातून तबकडी काढावी तसे हे नाही. मेंदू गाणे दर वेळी नव्याने गातो. म्हणूनच वीस वर्षांनी आठवलेल्या चालीत नकळत आपली भर पडलेली असते, आणि भाऊ-बहीण अंतऱ्यावरून फोनवर भांडतात.

ध्वनीच्या पाठांतराचा विषय निघाला की आपल्या बैठकीत वेदपाठींचा दाखला ठरलेला. त्यांचाही अभ्यास झाला आहे. २०१६ मध्ये २१ व्यावसायिक पंडित आणि तितकीच इतर माणसे यांच्या मेंदूची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा पंडितांमध्ये भाषा आणि स्मृतीशी संबंधित काही भागांत करडा पदार्थ अधिक दिसला. बातमी लगेच ‘संस्कृतने मेंदू वाढतो’ अशी फिरली. अभ्यास तसे म्हणत नाही. पाठांतराने मेंदू तसा घडला, की तसा मेंदू असलेली मुलेच पाठशाळेत शेवटपर्यंत टिकली, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी पहिल्या इयत्तेपासून तीच मुले वर्षानुवर्षे तपासावी लागतील.