बडोद्याची दांडिया बाजार आणि लंडनची रेनर्स लेन

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींपैकी साठच्या दशकात विलायतेला गेलेले कोण कोण आहेत. आमचं घर त्यातलंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

बाबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं कलाभवन पुढे १९४९ मध्ये विद्यापीठात गेलं, पण जुनी माणसं अजून कलाभवनच म्हणतात ने! १ जुलै १९६२ पासून विलायतेत नवा कायदा लागू झाला. त्याआधी राष्ट्रकुलातला कुणीही तिथे जाऊ शकायचा, आता व्हाउचर लागू लागलं, आणि हाताला कसब किंवा नोकरीचं पत्र असेल त्याला ते मिळे. बाबांना ड्राफ्ट्समन म्हणून मिळालं. खिशात तीन पौंड, त्याहून जास्त परकी चलन सरकार नेऊ देत नसे. आणि गेले ते नेमके ६२-६३ च्या हिवाळ्यात. १७४० नंतरचा सगळ्यात कडक हिवाळा तो. पत्रात मात्र एवढंच लिहिलं, "थंडी बरी आहे."

आई आणि मी १९६४ साली गेलो. मी पाच वर्षांची. लंडनच्या वायव्येला हॅरो, त्याच्या बाजूला रेनर्स लेन. लंडन म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, राजवाडा, पूल, घड्याळ, त्यातलं काहीही तिथे नव्हतं. रस्त्यामागून रस्ते, सगळे सारखे. प्रत्येक घर शेजारच्या घराला एका भिंतीने चिकटलेलं, पुढे फुगीर खिडकी, हिरव्या झुडपांचं कुंपण, मागे लांबट बाग. मी दोनदा दुसऱ्याच घराची बेल वाजवली होती.

हे गाव कसं झालं त्याची गंमत मला फार उशिरा कळली. मेट्रोपोलिटन रेल्वेकडे रुळांच्या कडेची जादा जमीन होती. १९१५ मध्ये त्यांनी 'मेट्रोलँड' असं नाव काढून जाहिरात सुरू केली: शहरात नोकरी करा, खेड्यात राहा. १९३० साली रेनर्स लेन स्टेशनवरून वर्षाला २२ हजार प्रवासी जात, १९३७ साली ४० लाख! म्हणजे आम्हाला जे 'जुनं इंग्रजी गाव' वाटत होतं ते माझ्या बाबांच्याच वयाचं. आमच्या शेजारच्या आजीबाई लग्न होऊन तिथे आल्या तेव्हा समोर शेत होतं म्हणे. त्याही बाहेरूनच आलेल्या, फक्त लंडनच्या आतल्या भागातून. हे त्या कधी बोलून दाखवत नसत.

खायचे हाल होते. चिंच, गूळ, डाळ आणायला बाबा महिन्यातून एकदा युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला जात. कढीपत्त्याला आई 'लिमडो' म्हणायची आणि तो कुठेच मिळत नव्हता. मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय गॅस पेटायचा नाही, आणि आमची खोली पॅराफिनच्या हीटरने गरम व्हायची. माझ्या गणवेशाला तो वास यायचा. वर्गात त्यावरून बोलत. शाळेत रोज सकाळी पाव लिटरहून कमी दुधाची बाटली फुकट मिळे, हिवाळ्यात बर्फासारखी, उन्हाळ्यात कोमट. ती मला आवडायची, हे सांगितलं की इंग्रज मैत्रिणी अजून हसतात.

दिवाळीला फटाके मात्र भरपूर. ५ नोव्हेंबरला त्यांचा गाय फॉक्सचा जाळ असतो, त्यासाठी दुकानं भरलेली असत. मागच्या बागेत मी किल्ला केला, तर आजीबाईंनी कुंपणावरून विचारलं, ही कुणाची समाधी का?

१९६८ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला इनॉक पॉवेलचं ते भाषण झालं. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ बाबांना फार नम्रपणे म्हणाले, असं जाहीरपणे बोलायला नको होतं. बाबांना बरं वाटलं. आई रात्री भांडी विसळताना म्हणाली, "म्हणजे खाजगीत चालतं का?"

एक आनंदाची गोष्ट. १५ फेब्रुवारी १९७१ ला तिकडे नवे पैसे आले. त्याआधी बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. सगळी गल्ली गोंधळलेली. बाबांनी हे १९५७ मध्ये बडोद्यात भोगलं होतं, आणे-पै जाऊन नये पैसे. त्या आठवड्यात ते स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजाऱ्यांना हिशेब समजावत होते. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिले.

१९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघा म्हणून सांगितलं. सुमारे २८ हजार माणसं विलायतेत आली, पुष्कळशी आधी लष्करी छावण्यांत राहिली. त्यातली बरीच गुजराती. हळूहळू वेम्बलीच्या इलिंग रोडवर दुकानं वाढली. पहिल्या दिवशी आई एका दुकानात भाव विचारायला लागली तर दुकानदारीणबाई म्हणाल्या, "तमे वडोदरानां?" आई तिथेच रडली. बडोद्यात आम्ही 'दक्षिणी', रेनर्स लेनमध्ये 'इंडियन', आणि इलिंग रोडवर गुजराती! मराठी फक्त घरात, आणि वर्षातून दोनचारदा महाराष्ट्र मंडळात. १९३२ सालचं हे मंडळ, तिथे नाटक असलं की आई दोन दिवस आधी साडी इस्त्री करून ठेवायची.

आता खरी गोष्ट. माझा भाऊ तिथेच जन्मला, १९६६ साली. तो शाळेत गेल्यावर बाईंनी आईबाबांना बोलावून सांगितलं, घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. हा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. बाबांनी तो अक्षरशः पाळला. आई इंग्रजीत भावाला रागावायची तेव्हा तिचा राग अर्धा व्हायचा, कारण शब्दच सापडत नसत.

१९७५ च्या उन्हाळ्यात आम्ही बडोद्याला गेलो. आजोबा जुन्या संस्थानातले शिक्षक. ज्या राज्यात १९०६ पासून मुलामुलींना शिक्षण सक्तीचं आणि मोफत, तिथे आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. नऊ वर्षांचा नातू समोर, आणि त्याला मराठी येत नाही. आजोबांचं इंग्रजी उत्तम, पण उच्चार बडोद्याचे, ते भावाला समजेनात. भावाचं हॅरोचं इंग्रजी आजोबांना. पहिले दोन दिवस दोघं नुसते एकमेकांकडे बघत. तिसऱ्या दिवशी आजोबांनी पाटी काढली. वळणदार अक्षरात इंग्रजीत प्रश्न लिहिला, भावाने खाली उत्तर लिहिलं. ओल्या फडक्याने पुसायचं, पुन्हा लिहायचं. पाच आठवडे हे चाललं, झोपाळ्यावर. आईला ते बघवत नसे, ती आत निघून जायची. बाबा मात्र तिथेच बसून असत, काही न बोलता. परत आल्यावर त्यांनी घरात पुन्हा मराठी सुरू केली. कारण सांगितलं नाही.

भाऊ आज मराठी समजतो, बोलतो तुटकं, वाचत नाही. पाटी त्याच्याकडे आहे. शेवटचं काही त्यावर लिहिलेलं नाही, पुसलेलीच आहे.

रेनर्स लेनचं घर बाबा गेल्यावर विकलं. तुमच्यापैकी कुणी हॅरो, वेम्बली, साउथॉलकडे वाढला असाल तर खाली जरूर लिहा. आणि १९७० च्या सुमाराच्या मंडळाच्या नाटकाचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर टाका. दुसऱ्या रांगेत जांभळ्या साडीतली बाई दिसली तर ती माझी आई.