पाण्याखालच्या पायऱ्या

काशीच्या दशाश्वमेध घाटावर ज्येष्ठात ज्या पायऱ्या मोजता येतात, त्यांतील बहुतेक श्रावणात गंगेच्या पोटात जातात; आणि ज्या पायऱ्या ज्येष्ठातही पाण्याबाहेर येत नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्याही दफ्तरात लिहिलेला नाही, तो मल्लाहांच्या तळपायांत आहे. उन्हाळ्यातील पाणी आणि पुराचे पाणी यांच्या पातळीत येथे दहा मीटरांहून अधिक अंतर पडते. धोक्याची रेषा ७१.२६२ मीटरांवर आखलेली आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरात गंगा ती ओलांडून ७३.९०१ मीटरांपर्यंत चढली होती. नदी येथे उत्तरवाहिनी होऊन मोठे वळण घेते, प्रवाहाचा धक्का ज्या काठाला बसतो त्याच काठावर नगरी वसली आहे, आणि म्हणून पलीकडे वाळूचे मैदान पसरलेले असताना अलीकडे नदीचे खोल पात्र थेट घाटाच्या पायाशी येऊन भिडते. शेवटच्या पायरीपुढे एक पाऊल टाकणाऱ्या यात्रेकरूला ठाव लागत नाही. आपण ज्याला ठाव म्हणतो त्याला मल्लाह ‘थाह’ म्हणतात, आणि थाह घेणे हीच त्यांच्या विद्येची बाराखडी होय.

बुडालेल्या नौकांपर्यंत पोहोचण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा समुद्राच्या अंगाने सांगितला जातो. त्यात पितळी शिरस्त्राणे येतात, हवेचे पंप येतात, जे. एस. हॉल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेली, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके येतात. त्या इतिहासाविषयी मला आदर आहे. परंतु यंत्र नव्हते तेव्हाही नावा बुडत होत्या, त्या वर काढाव्या लागत होत्या, आणि केवळ छातीतील एका श्वासाच्या भांडवलावर गढूळ पाण्यात उतरून दोर बांधून येणारी माणसे पिढ्यानुपिढ्या घडत होती. ती कशी घडली, हा प्रश्न दशाश्वमेधावर विचारण्याचे मराठी माणसाला एक खास कारण आहे: हा घाट दगडात बांधवला तो आपल्या लोकांनी.

पहिल्या बाजीरावांच्या काळी काशीतील त्यांचे कारभारी सदाशिव नाईक जोशी घाटांच्या बांधकामाची देखरेख करीत होते. पेशव्यांच्या मातुःश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तेव्हा काशी हे मराठी दौलतीच्या मनात नुसते तीर्थ उरले नव्हते, ते एक चालू काम झाले होते. दशाश्वमेधाचे बांधकाम नानासाहेब पेशव्यांच्या नावे १७४८ च्या सुमाराचे सांगतात, आणि १७७४ साली अहल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. मात्र या सर्व वैभवाच्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा व्यवहार थोडा उत्तरेला, दुर्गाघाटाच्या बाजूस झाला. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास तेथील जागा मल्लाहांकडून विकत घेतली आणि तीवर पक्का घाट उभा केला. म्हणजे आज जेथे मराठी वाडे आहेत, तेथे त्यापूर्वी नावाड्यांची वस्ती होती. घाट बांधविणाऱ्याचे नाव राहिले. ज्याने जागा दिली, आणि ज्याच्या नावेतून पुढे दगड आला, त्याचे राहिले नाही. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्या घाटांच्या अभिमानावर मीही लहानाचा मोठा झालो.

दगड चुनारचा. काशीच्या वरच्या अंगाला, नदीच्या वाटेने येण्यासारख्या अंतरावर चुनारच्या खाणी आहेत, आणि घाटांचा बदामी वालुकाश्म तेथूनच नावांनी उतरविला जाई. दगडाने भरलेली नाव ही नावाड्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड वस्तू होय. धान्याची नाव भिजली तरी तरंगण्याची आशा असते, दगडाची नाव कलंडली की सरळ तळ गाठते आणि तिच्यावर पहिल्याच पुरात गाळ चढतो. शिवाय घाट बांधून झाला म्हणजे काम संपले, असेही नव्हे. पात्र घाटाच्या मुळाशी असल्यामुळे पाणी पायाखालची माती सतत ओढीत असते. शिंदे घाटाचे १८३० च्या सुमाराचे प्रचंड बांधकाम आपल्याच भाराने खचले, आणि त्याच्या पायथ्याचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेले उभे आहे. पाण्याखाली काय हालले, कोणती शिळा सरकली, कोठे पोकळी पडली, हे बुडी मारून सांगणारा माणूस या काठाला नेहमीच लागत आला आहे.

हा माणूस एका दिवसात तयार होत नाही, आणि त्याची तयारी खेळातून सुरू होते. यात्रेकरू गंगेत नाणे टाकतो. पाच-सहा वर्षांचे पोर त्या नाण्यामागे उडी घेते. नाणे सरळ खाली जात नाही. ते पानासारखे हेलकावे खात उतरते आणि प्रवाह त्याला ओढून नेतो, म्हणून जेथे ते पडले तेथे उडी घेणारा रिकाम्या हाताने येतो, आणि उताराच्या बाजूला दोन हात सोडून उडी घेणाऱ्याच्या मुठीत ते सापडते. प्रवाहाचा पहिला धडा हाच. मग मूल पायऱ्यांच्या अंगाने खाली जाऊ लागते. डोळ्यांनी पाहण्यासारखे तेथे फारसे काही नसते, म्हणून ते दगडाच्या कडा हातांनी चाचपत मोजते, कानांत दडा बसला की नाक दाबून आतून हवा लोटते, आणि ज्या पायरीवर छाती आवळल्यासारखी वाटली त्या पायरीवरून परतते. दहा मीटर पाण्याचा भार वातावरणाच्या भाराइतकाच असतो, त्यामुळे तेवढ्या खोलीवर छातीतील हवा आकाराने निम्मी होते, हे गणित त्याला कोणी शिकवीत नाही. ते त्याच्या बरगड्यांना कळते. पुढच्या वर्षी एक पायरी अधिक.

खरी परीक्षा याच्याही पुढे असते. बांधलेल्या नावेच्या एका कडेने बुडी मारून दुसऱ्या कडेने निघणे, ही गोष्ट काठावरून किरकोळ दिसते. पण वर येताना डोके लाकडावर आपटले, आणि वर हवा नाही असे उमजले, म्हणजे मनुष्याचा हात-पाय झाडण्याकडे जो कल होतो, तो मोडून शांतपणे कोणत्या बाजूस सरकावे हे ठरविणे, यातच पाणबुड्याचा जन्म आहे. बुडालेल्या नौकेत शिरणारा जगातील प्रत्येक पाणबुड्या याच एका भीतीशी झगडतो. मल्लाहाचे पोर ती आपल्या बापाच्या नावेखाली, काका-मामा वर बसलेले असताना, दहा वर्षांच्या आत जिंकते. तेव्हा कोठे त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला बुडालेल्या नावेकडे धाडतात, तेही उताराच्या बाजूने. कारण नावेच्या आडोशाला पाणी संथ असते, आणि चढाच्या बाजूने जाणाऱ्याला प्रवाह फळ्यांवर दाबून धरतो व सोडीत नाही.

येथे समुद्रावरची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२२ च्या मे महिन्यात ‘ईजिप्त’ नावाची आगबोट मुंबईसाठी सोने-चांदी घेऊन इंग्लंडहून निघाली आणि फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या बोटीची टक्कर होऊन बुडाली. सव्वाशे मीटरांच्या आसपास खोल पडलेले ते धन काढण्याचे काम इटलीच्या ‘आर्तिल्यो’ या नौकेवरील पाणबुड्यांनी घेतले. १९३० साली त्यांनी ‘ईजिप्त’ शोधून काढली. त्याच हिवाळ्यात ते ‘फ्लॉरेन्स एच’ नावाच्या, दारूगोळ्यासह बुडालेल्या जुन्या जहाजाचा सांगाडा सुरुंगांनी फोडीत होते. प्रारंभी ते स्फोटापासून पुष्कळ दूर थांबत, पण सुरुंगामागून सुरुंग उडाले आणि आतील दारूगोळा काही पेटला नाही, तसतसे त्यांचे अंतर कमी होत गेले. ७ डिसेंबरला सगळा साठा एकदम उडाला. मुख्य पाणबुड्या अल्बेर्तो जानी आणि त्याचे सोबती नौकेसह गेले. उरलेल्यांनी दुसरी नौका आणून १९३२ साली ‘ईजिप्त’चे सोने वर काढलेच. त्यांच्या काळातील त्या अग्रगण्य पाणबुड्यांना अननुभव नडला नाही; काल जे पाहिले तेच आज असेल, या विश्वासाने त्यांचा घात केला.

काशीचा मल्लाह त्या विश्वासापासून वाचतो, कारण गंगाच त्याला तो बाळगू देत नाही. दर पुरानंतर तळ नवा होतो. राज्यकर्त्यांनी मात्र या विद्येची कदर केली नाही. १८१०-११ मध्ये कंपनी सरकारने घरपट्टी बसविली तेव्हा सारे शहर हरताळ पाळून बसले, मल्लाहांनीही नावा सोडल्या, आणि त्या जप्त करण्याची धमकी सरकारला द्यावी लागली. एवढ्यापुरती सरकारी कागदांत त्यांची नोंद रुजू झाली. १८७८ च्या कायद्याने उतारांचे मक्ते सरकारच्या हाती गेले, आणि संयुक्त प्रांताच्या काही भागांत तर ही जातच गुन्हेगार जमातींच्या यादीत घातली गेली. आज दशाश्वमेधावर जलपोलिसांची चौकी आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ११वी वाहिनी याच नगरात आहे, त्यांच्यापाशी हवेची नळकांडी आणि यांत्रिक होड्या आहेत. तरीही कोणी बुडाल्याची हाक उठली की पहिली उडी बहुधा घाटावरच्या गोताखोराचीच पडते.

एका कार्तिकात मी तेथे असताना पुरात दाव्यासकट बुडालेली एक नाव काढण्याचे काम चालू होते. घाटावरचा गाळ पंपाच्या धारेने धुतला जात होता, वरच्या पायऱ्या ओल्या मातीच्या वासासह उघड्या पडत होत्या. नाव काठोकाठ गाळाने भरलेली. दोन नावा तिच्या दोहो अंगांस आणून त्यांवर आडवे बांबू टाकले होते, आणि दोर खालून ओवून घ्यायचा होता. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा उतरण्यास उतावीळ झाला होता. पण म्हातारा मल्लाह त्याला नावेकडे जाऊच देईना. आधी काठाच्या पायऱ्या उतरून ये, असे त्याने फर्मावले. मी विचारले, “बाबा, हा तर इथेच वाढला, पायऱ्या त्याला पाठ असतील.” म्हातारा पाण्याकडेच पाहत म्हणाला, “महाराज, पाठ आहेत त्या गेल्या वर्षीच्या गंगेतल्या. यंदाची अजून कोणी पाहिलेली नाही.”

मुलाने दीर्घ श्वास घेतला आणि तो पायऱ्यांच्या कडेने खाली गेला. म्हाताऱ्याच्या बोटांतून दोर हळूहळू सुटत होता. मध्येच तो थांबला, पुन्हा सुटला, मग सैल पडला. पाण्यावर बुडबुडे आले आणि पाठोपाठ मुलाचे डोके. त्याच्या नखांत काळी माती होती. नावेच्या बाजूला गेल्या वर्षी चौदा पायऱ्या हाताला लागत, असे म्हातारा मघाशी म्हणाला होता.

“अकरा,” मुलगा धापा टाकीत म्हणाला. म्हाताऱ्याने दोराची एक वेटोळी आवरून घेतली, आणि त्याला पुन्हा मोजायला पाठविले.