राजभाग आणि धर्मभाग

उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातास कळूं नये, असा आपल्याकडील दानाचा संस्कार आहे. कळवण तालुक्यांतील सप्तशृंगगडावर दानपेटींत मूठ रिकामी करणारा यात्रेकरू पावतीची वाट पाहत नाहीं. आमच्या परिचयाच्या, कळवणच्या एका निवृत्त गुरुजींनीं शाळेस देणगी दिली, पावतीही मिळाली. परंतु देणगीचा आकडा सरकारपुढें मांडून सूट मागणें त्यांस प्रशस्त वाटेना. या विचारांत विवरणपत्राची मुदत टळली. सूट मागितल्यानें दानाचें पुण्य उणें होतें काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें.

मराठेशाहींत देवस्थानास गांव इनाम देणें याचा अर्थ बहुधा राजानें तेथील वसुलाचा आपला हक्क सोडणें असा असे. राजभागांतून धर्मभाग निघे व सनदेंत त्याची नोंद होई. 1852 च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हां ज्याच्यापाशीं कागद नव्हता त्याचा हक्क धोक्यांत आला.

1857 च्या उठावानें रित्या झालेल्या तिजोरीसाठीं जेम्स विल्सन यानें 1860 मध्यें प्राप्तिकर आणला. वार्षिक 200 ते 500 रुपयांच्या उत्पन्नावर शेंकडा 2 व त्यापुढें शेंकडा 4 असा दर होता. त्याच ऑगस्टांत विल्सन कलकत्त्यास वारला. कर 1865 मध्यें बंद पडला, निरनिराळ्या रूपांनीं परतला, आणि 1886 च्या कायद्यानें स्थिरावला. त्या कायद्यानें शेतीचें व धर्मादाय मालमत्तेचें उत्पन्न वगळलें. म्हणजे सवलत दान घेणारास होती. देणारास ती स्वातंत्र्यानंतर, 1922 च्या कायद्यांत 15-बी हें कलम घातल्यावर मिळाली. 1961 च्या कायद्यांत तीच पुढें 80-जी या नांवानें सर्वतोमुखीं झाली. 2017 पासून 2,000 रुपयांवरील रोख दान तींतून वगळलें गेलें. कागदाचा आग्रह पुन्हां वाढला.

आतां हिशेब पाहूं. या कलमाखालीं बहुतेक संस्थांच्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नांतून वजा होई. शेंकडा 20 दरानें कर भरणारानें 1,000 रुपये दिले, तर 500 वजा होऊन, उपकर सोडतां, 100 रुपयांचा कर वांचे. उरलेले 900 त्याच्याच पदरचे. सरकारनें सोडलेले ते 100 म्हणजे जुन्या इनामाचाच धाकटा अवतार होय. दात्याचें पुण्य त्यानें उणें होत नाहीं. राज्य त्यांत वांटेकरी होतें, इतकेंच.

मात्र 2023 च्या वित्त कायद्यानें नवी करपद्धति मूळ ठरविली. तींत ही सूट नाहीं. सूट हवी तर जुनी पद्धत निवडावी लागते, आणि ती निवड मुदतींत भरलेल्या विवरणपत्रांतच करतां येते. गुरुजींच्या संकोचानें त्यांचें पुण्य वाढलें नाहीं. राजभागांतून निघावयाचा धर्मभाग तेवढा राहून गेला. आम्ही त्यांस इतकेंच म्हटलें: गुप्तदान पेटींत टाकावें, पावतीचें दान वेळेवर लिहावें. सनद लिहून देणारा राजा कांहीं कमी धर्मशील नव्हता.